भागूबाई भेकर आणि सभ्य सल्ल्याचे नियम

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा खातं होतं. जंगलात पाणी असतंच, त्याला खातं कशाला, असं तुम्ही विचाराल. तर नुसतं पाणी असून भागत नाही. ते कुणाच्या तरी अखत्यारीत असावं लागतं.

खात्याचे प्रमुख होते शिंगटेसाहेब. जातीने सांबर. त्यांची शिंगं एवढी पसरलेली की खाली बघायला गेले तर मान अवघडायची. म्हणून ते कायम समोर बघत. खाली काय चाललंय ते बघण्यासाठी त्यांनी उदावंत नावाचं एक उदमांजर सचिव म्हणून नेमलं होतं.

एकदा राजाच्या गुहेतून हुकूम आला. प्रत्येक खात्याने प्रजेचा सल्ला घ्यावा. सल्ला फुकट असावा. झालं, पाणवठा सल्लागार समिती स्थापन झाली. पगार नाही, भत्ता नाही. बैठकीला द्रोणभर करवंदं, एवढंच.

समितीत चौघे होते. चिखले रानडुक्कर, पिसाळ मोर, कानडे ससा आणि भागूबाई भेकर.

भेकर तुम्ही पाहिलं नसेल. बकरीएवढं हरीण असतं. दिसायला गरीब. पण धोका दिसला की ते कुत्र्यासारखं भुंकतं. त्या आवाजाने अर्धं जंगल जागचं उठून पळतं. भागूबाईची पोरं मोठी होऊन आपापल्या रानात गेली होती. हातात वेळ होता आणि अंगात कळकळ होती. समितीवर नाव लागलं तेव्हा तिला मनापासून आनंद झाला. ती वेळेवर यायची, पाय आवरून बसायची, ऐकायची.

बाकीच्यांचं काय सांगू! चिखले आल्या आल्या सगळ्यांची करवंदं संपवायचा. मग तोंड पुसून म्हणायचा, "हं, बोला. माझ्या घरामागचा चिखल वाढवायचा ठराव कुठे आला?" पिसाळ बोलायला उभा राहिला की पिसारा फुलवायचा. मागच्यांना अध्यक्ष म्हणून बसलेले शिंगटेसाहेब दिसायचे नाहीत. कानडे गप्प बसून ऐकायचा आणि संध्याकाळपर्यंत जंगलभर सांगून यायचा, पदरचं घालून. एकदा त्याने जुना ओढा बंद होणार असं सांगितलं. ओढ्यावर अशी झुंबड उडाली की एका म्हाताऱ्या मुंगुसाचा पाय मोडला.

ते मुंगूस भागूबाईच्या शेजारचं. ती तरातरा बैठकीला आली.

"आपल्याला कुणी पगार देत नाही हे कबूल," ती म्हणाली, "पण म्हणून लाज सोडून बसायचं का? काहीतरी नियम करू या."

"कसले नियम?" चिखले दचकला.

"साधेच. एका वेळी एकाने बोलावं. आपल्या घराजवळचा विषय निघाला की आपण गप्प बसावं. इथलं बाहेर जाऊन तिखटमीठ लावून सांगू नये. आणि करवंदं सगळ्यांनी मिळून खावीत."

उदावंतांनी मिशीवरून पंजा फिरवला. "बाई, तुमच्यासारखे सभासद खात्याला हवेतच. तुम्ही फक्त भावना सांगा. भाषा आम्ही बघतो."

पुढच्या बैठकीत त्यांनी भाषा बघून आणली. 'एका वेळी एकाने बोलावं' याचं 'अध्यक्षांनी विचारल्यास एकाने बोलावं' झालं होतं. 'तिखटमीठ लावून सांगू नये' याचं 'समितीबाहेर आवाज काढू नये' झालं होतं. शेवटी एक कलम नवंच होतं. सभासदाच्या वागण्याने खात्याची प्रतिमा उजळावी.

भागूबाईला कुठेतरी खुपलं. "उदावंतसाहेब, आवाज काढू नये म्हणजे? आम्ही भेकरं भुंकतो हो."

"अहो, ते नैसर्गिक! ते कोण मनावर घेतंय?"

तिने खुराचा ठसा उमटवला.

आणि खरं सांगायचं तर बैठका सुधारल्या. करवंदं सगळ्यांना मिळू लागली. पिसारा मिटलेला राहू लागला. शेजारणींना भागूबाई सांगायची, "आता कसं, चार शहाणी जनावरं बसल्यासारखी वाटतात." तिला अभिमान वाटायचा. का वाटू नये?

त्या उन्हाळ्यात खात्याने टेकडीच्या पायथ्याशी नवं तळं केलं. मोठं काम होतं. उद्घाटनाला स्वतः राजे येतील अशी बोलवा होती. एका दुपारी भागूबाई सहज तळं बघायला गेली. पाणी निळंशार. काठ साफ. काठाशी एक काळपट ओंडका पडलेला. इतकं चांगलं काम केलं आणि हा ओंडका तेवढा राहिला, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात ओंडक्याने डोळा मिटला आणि उघडला.

भागूबाईच्या पोटातून आवाज निघाला आणि गळ्यापर्यंत आला. तिथे तिला नियम आठवला. समितीबाहेर आवाज काढू नये. तिने तो आवाज गिळला. गिळताना इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. उगाच पळापळ नको, मुंगुसाचं झालं तेवढं पुरे, रीतसर बैठकीत सांगू, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती मागे फिरली.

बैठकीत तिने विचारण्याची वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. शेवटी तिने पुढचा पाय वर केला.

"साहेब, नव्या तळ्यात मगर आहे."

शिंगटेसाहेबांनी समोर बघितलं. "हे विषयपत्रिकेवर आहे का?"

"नाही साहेब," उदावंत म्हणाले.

"मग आयत्या वेळच्या विषयांत घ्या," भागूबाई म्हणाली.

"आयत्या वेळचे विषय आपण बंद केले ना? चिखले आयत्या वेळी आणखी करवंदं मागायचे म्हणून. तुमचाच आग्रह होता."

ते खरं होतं.

"मी कालच तळ्याची पाहणी केली," शिंगटेसाहेब म्हणाले. "मला काहीच दिसलं नाही."

"खाली बघितलंत का?"

कानडे चाचरत म्हणाला, "पाण्यात काहीतरी चुबुक वाजलं खरं, मी ऐकलं होतं..." पण उदावंतांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याचे दोन्ही कान पाठीवर आडवे झाले.

"समजा, मगर आहे," उदावंत समजुतीने म्हणाले. "तीही प्रजाच ना? हजर नसलेल्या कुणाबद्दल असं नाव घेऊन बोलणं आपल्या नियमांत बसतं का, बाई? तुम्हीच सांगा."

बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'श्रीमती भेकर यांनी नव्या तळ्यातील जीवसृष्टीबद्दल समाधान व्यक्त केले.'

उद्घाटनाचा दिवस आला. राजे आले नाहीत, पण त्यांच्या शुभेच्छा आल्या. तळ्याकाठी पळसाच्या फुलांचं तोरण बांधलं होतं. पहिलं पाणी पाडसांनी प्यायचं असं ठरलं होतं, कारण ते बघायला गोड दिसतं. सगळ्यांत पुढे ठिपकेबाई चितळिणीचं पाडस. आई मागे उभी राहून कौतुकाने बघत होती. समितीसाठी उजवीकडे वेगळी रांग होती. भागूबाई तिथे बसली होती आणि पाण्याकडे बघत होती.

शिंगटेसाहेबांचं भाषण सुरू झालं. भाषणात पाण्याबद्दल बरंच होतं. पाडसाला तहान लागली होती. ते एक पाऊल पुढे झालं, मग आणखी एक.

ओंडका सरकला.

भागूबाईने उदावंतांकडे पाहिलं आणि डोळ्यांनी पाण्याकडे खूण केली. उदावंतांनी नख ओठांवर ठेवलं. भाषण चालू आहे, बाई.

पाडसाने मान खाली घातली.

आणि भागूबाई भुंकली. परवानगी न घेता, बसल्या जागेवरून, पोटापासून. इतके दिवस गिळलेलं सगळं त्या एका भुंकण्यात बाहेर पडलं. टेकडीवरून आवाज परत आला. पाडस उभ्या उभ्या हवेत उडालं आणि आईच्या पायांत जाऊन पडलं. दुसऱ्या क्षणी पाण्यातून भलामोठा जबडा वर आला आणि खाडकन मिटला. त्यात पळसाचं तोरण सापडलं. तोरण घेऊन जबडा खाली गेला.

तोपर्यंत तळ्यावर कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांत पुढे शिंगटेसाहेब पळत होते.

आठवड्याभराने चौकशी बसली. दोषारोप सरळ होते. सभासदाने समितीबाहेर आवाज काढला. अध्यक्षांचं भाषण तोडलं. खात्याची प्रतिमा मलीन केली.

"मगर होती," भागूबाई म्हणाली.

"कुणाला इजा झाली?" शिंगटेसाहेबांनी विचारलं.

"नाही झाली."

"मग धोका कुठे होता?"

"मी भुंकले नसते तर इजा झाली असती, साहेब!"

"झाली असती तर पुरावा असता," उदावंत हळहळून म्हणाले. "आता आम्ही काय करावं?"

ठिपकेबाईला साक्षीला बोलावलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी पळत होते. मागे बघितलं नाही." पिसाळला उन्हामुळे दिसलं नव्हतं. चिखलेच्या तोंडात करवंदं होती. कानडेने म्हणे त्या दिवशी काहीच ऐकलं नाही.

शेवटी मगरीला बोलावलं. ती काठावर येऊन हनुवटी वाळूवर टेकवून नम्रपणे म्हणाली, "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही." एवढंच बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. उदावंतांनी ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

भागूबाईचं नाव समितीतून कमी झालं. निकाल वाचताना तिने मान वर ठेवली. पण वाटेत तिला थांबावं लागलं. पद गेलं याचं दुःख नव्हतं. नियम वाईट नव्हते, हे तिला सलत होतं. अर्धे तिचेच होते, आणि त्यातला एकही तिला आजसुद्धा चुकीचा म्हणता येत नव्हता.

रिकाम्या जागेवर कुणाला घ्यावं यावर फार चर्चा झाली नाही. समितीच्या नियमांच्या कसोटीला सर्व बाजूंनी उतरणारा एकच प्राणी जंगलात होता. आवाज चढवत नाही. चहाड्या सांगत नाही. करवंदांना तोंड लावत नाही. विचारल्याशिवाय बोलत नाही.

"पण त्या तर तळ्यातच राहतात," कानडे हळूच म्हणाला. "आपल्या घराजवळच्या विषयावर..."

"त्या कुठे काही बोलतात?" उदावंत म्हणाले.

श्रीमती मगर समितीवर आल्या. त्यांना चालायचा त्रास होतो म्हणून बैठका तळ्याकाठी होऊ लागल्या. पहिल्या बैठकीनंतर कानडे दिसला नाही. इतिवृत्तात 'पूर्वसूचना न देता गैरहजर' अशी नोंद झाली. मग पिसाळ. त्याची काही पिसं पाण्यावर तरंगत होती, ती खात्याने सुशोभीकरणात लावली. चिखले सर्वांत शेवटी, कारण तो मोठा होता. त्यानंतर सगळे ठराव एकमताने मंजूर होऊ लागले. उदावंत आता झाडावर बसून इतिवृत्त लिहितात. जवळून अक्षर नीट येत नाही, असं ते सांगतात.

आणि भागूबाई? ती रोज संध्याकाळी टेकडीवर येते आणि तळ्याकडे तोंड करून भुंकते. आता ती सभासद नाही, त्यामुळे तिला कुठलाच नियम लागू नाही. तिचा आवाज आला की जनावरं तळ्याची वाट सोडतात आणि लांबचा वळसा घेऊन जुन्या ओढ्यावर जातात. ओढ्याचं पाणी गढूळ आहे, पण ते पिऊन सगळे परत येतात.

एकदा ठिपकेबाई पाडसाला घेऊन टेकडीवर आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे माझं पोर वाचलं. पण मी असं म्हणाले हे कुठे सांगू नका हं."

भागूबाई खूप दिवसांनी हसली. "नाही सांगत गं. सूर्य खाली गेलाय, जा लवकर." आणि पुन्हा तळ्याकडे वळून तिने गळा साफ केला.

खात्याच्या यंदाच्या अहवालात मात्र सगळं उत्तम आहे. नव्या तळ्यावर गर्दी नाही, गोंगाट नाही आणि सल्लागारांबद्दल एकही तक्रार नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी हळू बोलावं, विचारल्याशिवाय बोलू नये आणि भाषण चालू असताना मध्ये तोंड घालू नये. म्हणजे तुम्ही समितीवर जाल. ज्यांना समितीवर जायचं नसून नुसतं मोठं व्हायचं आहे, त्यांनी आपल्या गल्लीतल्या एखाद्या भांडकुदळ काकूंशी ओळख ठेवावी.