मारोतीभाऊजींच्या पोटातले प्रवासी

मारोतीभाऊजींना एकट्यानं जेवता येत नाही. कुणी शेजारी बसून गप्पा मारल्या तरी त्यांचं भागत नाही. त्यांच्याच पितळीत दुसऱ्याचा हात पाहिजे. गॅसची टाकी घेऊन आलेला असो, मीटर बघायला आलेला असो, नाहीतर चुकून आमचं दार वाजवलेला असो, भाऊजी पितळी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "या, जागा हाय." तो बिचारा म्हणतो, मी जेवून आलो. भाऊजी म्हणतात, "घासाला कितीक जागा लागती? सरका जरा पुढं."

हे माझे चुलत दीर. आमच्याच घरी, पुढच्या खोलीत राहतात. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना गाडीसारखी दिसते. पोट म्हणजे डेपो. ढेकर म्हणजे डबल बेल. लग्न काही जमलं नाही. पोरीकडचे लोक यायचे आणि हे नवरदेव पोरीच्या बापालाच आपल्या पितळीत ओढायचे. जळकोटचे एक पाहुणे तर अर्ध्या भाकरीवरून उठले ते परत फिरकलेच नाहीत. "तिकीट काढून बी उतरले," भाऊजी अजून सांगतात, जराही वाईट न वाटून घेता.

मी या घरात आले ती लातूरची, मॅट्रिक झालेली, म्हणजे माझ्या मते निम्मी डॉक्टर. रुखवतात माझ्या नावाचा स्टीलचा पेला होता. त्याला दुसऱ्या कुणी तोंड लावलं की मी तो राखेनं घासायचे, आणि घासताना चार घरांना ऐकू जाईल एवढा आवाज करायचे. आज ती पोरगी रस्त्यात भेटली तर तिच्या देखत तिच्या पेल्यानं पाणी पिईन आणि वर चूळही भरीन.

पहिल्याच आठवड्यात भाऊजींनी पितळी पुढे केली. "वैनी, या."

"छे, उष्ट्यानं जंतू होतात," मी म्हणाले.

"कोणते?"

नावं कुठं ठाऊक होती मला! "बारीक असतात," मी ठसक्यात सांगितलं.

"मग त्येंचं अर्धं तिकीट," भाऊजी म्हणाले आणि जेवायला लागले.

त्यांचं पोट तेव्हापासूनच दुखायचं. बरगड्यांच्या जरा खाली, रिकाम्या पोटी जास्त. घरातल्या सगळ्यांनी एकमतानं ठेच्याला गुन्हेगार ठरवलं, आणि त्यात मी सगळ्यात पुढे. थंड दूध, सोडा, धण्याचं पाणी, वरून भाषण. बरं वाटलं की गुण माझा. नाही वाटलं की भाऊजींनी चोरून मिरची खाल्ली. ही माझी प्रॅक्टिस वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली.

मग गेल्या वर्षी एका सकाळी भाऊजी मोरीकडून आले ते भिंतीला धरून. तोंड पांढरं पडलेलं. "वैनी, आतमधे रोडचं काम चालू झालं वाटतं. डांबरच डांबर," एवढं म्हणून खाली बसले. पोटातलं रक्त काळं होऊन बाहेर पडत होतं. आमच्या लोह्याहून तडक नांदेडला नेलं. तिथं तोंडातून दुर्बीण घातली. पोट संपून आतडं सुरू होतं तिथं जखम, आणि तीच वाहिलेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हदगावकडच्या. म्हणाल्या, "आजोबा, ठेच्याचा काही दोष नाही. पोटात जंतू आहेत."

भाऊजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. निर्दोष सुटलेला माणूस फौजदाराकडे पाहतो तसं.

बाईंनी पोटाच्या आतल्या अस्तराचा कणभर तुकडा काढून पिवळ्या औषधात टाकला होता, ते गुलाबी झालं होतं. "पोटात एवढं जहाल आम्ल असतं की त्यात जंतू टिकायलाच नको. पण हा हुशार. आम्ल मारायचं औषध स्वतःच बनवतो आणि अंगाभोवती ठेवतो. त्यानंच हे गुलाबी झालं. अंगानं पिळाचा, स्क्रूसारखा. शेपट्या हलवत अस्तरावरच्या बुळबुळीत थरात घुसतो आणि खाली जाऊन चिकटतो. शरीराचे शिपाई येतात, पण त्याला हुसकता येत नाही. त्या मारामारीत अस्तरच सोलून निघतं. औषध नाही घेतलं तर असा जन्मभर राहतो."

भाऊजींनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे फुकट चढला, गर्दीत आत घुसला, खिडकीची सीट धरली, अन् आता उतरायचं नाव न्हाई."

"हाव, अन् सीट बी फाडून ठेवली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिथंच दोघांचं जमलं. भाऊजींनी त्यांना जेवायचं आवतण देऊन टाकलं. कुठल्या पितळीत, ते मी सांगितलं नाही.

दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. एकही चुकवायची नाही, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. भाऊजींनी एकही चुकवली नाही, फक्त वाटल्या. पेढ्याचा पुडा आणल्यासारख्या. मला करपट ढेकर येतात म्हणून मला, समोरच्या पानवाल्याचं पोट फुगतं म्हणून त्याला. "एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई, वैनी." आणि मीही घेतल्या की! निम्मी डॉक्टर ना मी, मला कोण विचारणार?

महिनाभरानं पुन्हा तपासलं तर जंतू जागच्या जागी.

"गोळ्या वाटल्या?" डॉक्टरीणबाईंचा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. "अर्धा मार खाल्लेला जंतू पुढच्या वेळी त्या गोळीला जुमानत नाही, आजोबा. आता दुसऱ्या गोळ्या देते, जास्त कडक. याही वाया घालवल्या आणि पुन्हा रक्त गेलं, तर तुमच्या या वयात काय होईल, मला सांगता येणार नाही."

भाऊजींनी मान खाली घातली. मग बाईंची नजर माझ्याकडे वळली. "अन् आजी, तुम्हाला कशाचे ढेकर येतात? तपासू या." मला कसलंसं औषध पाजून एका पिशवीत फुंकायला लावलं. मी जन्मभर चूल फुंकलेली बाई. एका दमात पिशवी टम्म केली.

माझ्याही पोटात तेच जंतू निघाले.

"शक्य नाही!" मी म्हणाले. "मी कुणाचं उष्टं खात नाही. माझा पेलासुद्धा वेगळा आहे!"

"आजी, हे बहुतेक अगदी लहानपणीच येतात. घरातूनच. एका भांड्यातलं पाणी, एका ताटातलं जेवण. आई घास चावून लेकराला भरवते, त्यातूनही येत असावेत."

म्हणजे माझा पेला घडायच्या आधीच ही मंडळी मुक्कामाला आली होती आणि मी जन्मभर राख उडवत बसले होते. मला हसू आवरेना. भाऊजी मात्र हसले नाहीत.

"मायपासून?" त्यांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. पण बऱ्याचदा आईपासूनच."

एरवी परतीच्या प्रवासात भाऊजी कंडक्टरच्या चुका काढतात. त्या दिवशी कंडक्टरनं बेल द्यायची सोडून पत्र्यावर थापा मारल्या, तरी भाऊजी खिडकीबाहेरच बघत होते.

पुढं दोन-तीन दिवसांनी मी माझी गोळी गिळून त्यांच्या खोलीत डोकावले. गोळी कसली, तोंडात तांब्याचा पैसा ठेवावा तशी चव. भाऊजी खाटेवर बसलेले. मांडीवर गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

"भाऊजी, काय करून राहिलात? आता कुणाला वाटायच्यात?"

"कुणालाच न्हाई."

"मग खात कामून न्हाई?"

भाऊजी पाकिटं एकावर एक रचत राहिले. भाऊजींची आई ते बोबडं बोलत असतानाच गेली. माझ्या सासूबाईंनी त्यांना वाढवलं. त्या सांगायच्या, पोरगं लई किडकिडीत, माय भाकर चावून चावून भरवायची. ती गेल्यावर पितळीपुढं नुसतं बसून राहायचं, कुणी येऊन हात घालेपर्यंत. मी हे ऐकलेलं होतं. त्याचा विचार कधी केला नव्हता.

"वैनी," भाऊजी म्हणाले, "मायचं तोंड बी ध्यानात न्हाई मव्ह्या. फोटू न्हाई. लुगड्याची चिंधी न्हाई. अन् ही पोरगी सांगती, मायनं दिलेलं कायतरी अजून मव्ह्या पोटात जित्तं हाय. त्येला मव्ह्याच हातानं मारू?"

माझं तोंड आगाऊ आहे, कुठंही चालतं. तिथं मात्र मी आधी खाटेवर त्यांच्याशेजारी बसले.

"भाऊजी, मायनं तुम्हाला घास दिला. हे फुकटे त्या घासाच्या आडून चढले. हे आपल्या लेकराला आतून सोलून काढणार, असं तिला कळलं असतं ना, तर तिनं माळावर गाडी थांबवून एकेकाला कॉलर धरून उतरवलं असतं."

"अन् घास?"

"घासाची तुमची हाडं झाली. ती काय गोळीनं जात्यात व्हय?"

त्यांनी आपलं मनगट उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या हातानं चाचपलं. मग म्हणाले, "पाणी द्या."

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं बरोबरच गोळ्या घ्यायचो. भाऊजी गाडी सोडल्यासारखं म्हणायचे, "होल्ड ऑन!" आणि आम्ही तोंडं वेंगाडून गिळायचो. सूनबाई पदर तोंडाला लावून आत पळायची.

गोळ्या संपल्या, महिना गेला, आम्ही नांदेडला जाऊन पुन्हा फुंकून आलो. दोघंही साफ. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या आणि भाऊजींच्या पाया पडल्या. "डेपो रिकामा झाला, आजोबा." भाऊजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारची बस होती. नांदेड मागे पडलं, सोयाबीनची रानं लागली, तरी भाऊजी पोटावर हात ठेवून बसलेले.

"दुखून राहिलं का?" मी विचारलं.

"न्हाई. काईच दुखत न्हाई." मग म्हणाले, "भुकेच्या टायमाला आतून टोचायचं ना, वैनी, तवा वाटायचं कुणीतरी म्हणून राहिलंय, खा रे. आता भूक लागती, पण कुणी काई म्हणत न्हाई."

माझ्या पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी होती. मी फडकं सोडलं, तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि त्यांच्यापुढे धरला.

"मारोती," मी म्हणाले, "खा रे."

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. दिराला नावानं हाक मारणारी, अन् तेही अरे-तुरे करून, अशी म्हातारी तिनं बहुधा पाहिली नसावी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून त्यांनी हात तेवढा पुढे केला.