पिनेची प्रातिनिधिक पट्टी

नमुना हा मालापेक्षा नेहमीच चांगला असतो. नसता तर त्याला नमुना कोण म्हणाले असते? हे सत्य ज्या कारखान्याला उमगले, त्याची प्रगती कोणी रोखू शकत नाही. (रोखणे हे ब्रेकचे काम, आणि हा कारखाना लिफ्टच्या ब्रेकमधल्या पिना बनवत असे.)

मध्यंतरी एक पिन कुठेशी तुटली. माणसे वाचली, पण ती पिन कोणत्या बॅचची आणि तिची भावंडे कुठे कुठे बसवली आहेत, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा प्रत्येक पिनेवर लेझरने नंबर कोरायचे ठरले. यंत्र विकणाऱ्यांनी एवढेच सांगितले, की तुमची रोजची पिन पाठवा, नंबर कोरून परत करतो, पसंत पडले तर यंत्र घ्या.

मागणी फारच साधी होती, म्हणून समिती नेमावी लागली.

समितीत तपासणी विभागाचे प्रमुख होते. डोळ्याला सदैव भिंग असल्याने त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. त्यांची थोरली लेक अकराव्या मजल्यावर राहायला गेली होती, आणि तिथल्या लिफ्टमध्ये हीच पिन होती. काका तिच्याकडे जिन्याने जात. (जावई शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत, "या वयात काय तब्येत ठेवलीय बघा!") लेकीच्या काळजीने काकांचा जीव टांगणीला लागला होता. पहिल्याच बैठकीत ते बोलले.

"लाइनवरून उचला चार पिना, आणि द्या पाठवून. जशा आहेत तशा."

खरेदी विभागाच्या बाईंनी मायेने विचारले, "काका, पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही घर आवरता की नाही?"

मुद्दा बिनतोड होता. पिनेचे तेल पुसले. तेलाने इतके दिवस इमानेइतबारे झाकलेला गंज दिसू लागला, म्हणून पॉलिश केले. पॉलिशने ओरखडे उठून दिसले, म्हणून वर चकचकीत मुलामा चढवला. पिन गोल असल्याने बैठकीत टेबलावरून घरंगळे आणि चर्चेत व्यत्यय येई, म्हणून ती सपाट करण्यात आली. आता हिला पिन म्हणावे का, अशी शंका एका सदस्याने काढली. त्याचे आभार मानून तिला 'प्रातिनिधिक पट्टी' हे नाव देण्यात आले. (प्रातिनिधिकता: शंभर टक्के. साम्य: आढळल्यास कळवू.)

काका विरोध करणारच होते. पण पट्टी त्यांच्या सहीने जाणार होती, आणि आपल्या सहीची वस्तू बोटांचे ठसे घेऊन परक्याच्या दारात जावी, हे त्यांच्या जिवावर आले. खिशातला रुमाल काढून शेवटचा हात त्यांनीच मारला. पट्टीत तोंड दिसू लागले. काकांना स्वतःचे दिसले, तशी त्यांनी ती घाईने पाकिटात घातली.

विक्रेत्यांकडून पट्टीवर मोत्याच्या दाण्यांसारखे नंबर कोरून आले. यंत्र घेतले गेले. त्याखाली पहिली खरी पिन ठेवली, तेव्हा तेल जळाले, धूर झाला आणि नंबराच्या जागी काजळीचा डाग उमटला.

समितीने शांतपणे विचार केला. यंत्र निर्दोष, नमुना तर निर्दोषच. सबब दोष पिनेचा. पण पिन सुधारायची तर उत्पादन थांबते. मग असा सुवर्णमध्य निघाला, की प्रत्येक पिनेमागे एक पट्टी बनवावी, नंबर पट्टीवर कोरावा, पिन लिफ्टमध्ये जावी आणि पट्टी कपाटात. नंबर असलेल्या पिनांचे प्रमाण शून्यावरून थेट शंभर टक्क्यांवर गेले. (कोणता नंबर कोणत्या पिनेचा, हा प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा.) काकांनी सही केली.

लेकीचा फोन आला. "बाबा, आता तरी लिफ्टने या. नंबर घालतात ना आता?"

"घालतात की. पण पायांना सवय झालीय गं," काका म्हणाले, आणि त्यांना आपली लाज वाटली. तिला खरे सांगायचेच, असे ठरवून ते त्याच रविवारी जिना चढू लागले.

सहाव्या मजल्यावर दम लागून ते पायरीवर बसले. तेवढ्यात लिफ्ट थांबली. आतून कोणीतरी आपुलकीने म्हणाले, "या ना काका, जागा आहे." काकांनी मान हलवली. तोंड उघडले, पण धाप लागल्यामुळे (असे ते पुढे स्वतःला सांगत) शब्द फुटला नाही. दार बंद झाले.

वाचकहो, ती हाक मारणारे आपणच होतात. काळजी नसावी. आपल्या पिनेचा नंबर कपाटात अगदी सुरक्षित आहे.