खिचडी चाखणारी समिती

सुग्रीव आबांच्या धाकट्या लेकीचं, संगीताचं लग्न झालं ते २०२४ साल. त्याच साली दिवाळीनंतर पोरगा आणि सून ऊसतोडीला गेले आणि चार वर्षांची आरोही आबांपाशी राहिली. नांदूरघाटाजवळच्या त्या गावात पालकांनीच चालवलेली बालवाडी होती. नातीला दुपारी गरम खिचडी मिळावी, एवढ्या एकाच हेतूनं शेळ्या राखणारे आबा पालक समितीत शिरले.

समितीचा नियम सरळ होता. खिचडी आधी एका पालकानं चाखावी, अर्धा तास थांबावं, त्याला काही झालं नाही तर मुलांना वाढावी. बाकीचे पालक उसाच्या फडात असल्यानं हे काम आबांकडे आलं. आबा घास खाऊन खुर्चीवर बसत. समोर तेवीस पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन त्यांच्याकडे एकटक बघत.

"आबा, मरतूस का?" आरोही विचारी. "लई भूक लागली."

"न्हाई गं माय. आजून धा मिनिटं हायेत."

आठवडाभरात हरकत आली. ती समितीचे अध्यक्ष अमरसिंह यांची होती. त्यांचा नातू केजच्या इंग्रजी शाळेत होता, पण गावातली कुठलीही समिती त्यांच्याशिवाय पुरी होत नसे.

"आबा, तुमी रानात काय बी खाता. तुमच्या पोटात गारगोटी जिरंल. तुमी जगलात म्हणून खिचडी चांगली, आसं कावून धरायचं?"

म्हणून नाजूक पोटाचा दुसरा चाखणारा नेमला गेला. ते स्वतः अमरसिंह. त्यांना पित्ताचा त्रास होता. ढेकर आला की अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, असा ठराव झाला. मग आपला माणूस नाही म्हणून गावातल्या बाकीच्या आळ्यांना अन्याय वाटला. महिनाभरात चाखणारे पाच झाले.

"सगळे एकदमच खाऊ की," आबा म्हणाले.

"आन् सगळे एकदमच मेलो, तर रजिस्टरवर सही कोण करणार?" अमरसिंहांनी विचारलं.

चाखणं एकामागून एक सुरू झालं. चमच्यानं चव कळत नाही म्हणून वाटी आली, वाटीनं अंदाज येत नाही म्हणून ताट आलं. दहाला शिजलेली खिचडी एकला प्रमाणित होई. तोवर बालवाडी सुटलेली असे. मिनिटं मोजता मोजता पोरं तीसपर्यंत आकडे मात्र बिनचूक शिकली.

एकदा न राहवून आबांनी आरोहीच्या ताटलीत गरम खिचडी घातली. अमरसिंहांनी ताटली काढून घेतली.

"लेकराच्या जिवाशी खेळता व्हय?"

आबांना लेखी ताकीद मिळाली. आरोही घरी जाऊन शिळी भाकरी खाऊन झोपली.

पुढं तालुक्याहून तपासणीला बाई आल्या. रजिस्टर चाळून त्यांनी विचारलं, "आजवर किती मुलांना बाधा झाली?"

"एकाला बी न्हाई, मॅडम," अमरसिंह म्हणाले.

बाईंनी तिथंच सुरक्षित आहाराचं प्रमाणपत्र दिलं. अमरसिंहांचा सत्कार झाला. आबांनीही टाळ्या वाजवल्या, कारण उत्तर खोटं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आबांची शोकसभा बालवाडीतच झाली. त्यांच्या खुर्चीवर आता कोण, यावर समितीत जुंपली. त्या गोंधळात स्वयंपाक करणाऱ्या चतुराबाईनं पोरांना वाफाळती खिचडी वाढून टाकली. आरोहीनं दोनदा मागून घेतली. कुणाला काही झालं नाही.

समितीनं ही गंभीर अनियमितता मानली. चतुराबाईला नोटीस गेली आणि चाखणाऱ्यांची संख्या सात करण्यात आली. जागांसाठी एक्केचाळीस अर्ज आले. त्यांतल्या अठ्ठावीस जणांचं एकही मूल बालवाडीत नाही. ते कोण, हे इथं लिहीत नाही. वाचणाऱ्यानं आपण कुठकुठल्या समितीवर आहोत ते आठवावं.

सुग्रीव आबा २ मार्च २०२५ रोजी, रविवारी, घरची भाकरी खाऊन झोपले आणि झोपेतच वारले.