जरा लांब चला

गेनभाऊ कुठल्याही इंजिनाला त्याच्या तोंडावर वाईट बोलत नाहीत. दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. इंजिनात खोट सापडली की ते मालकाचं कोपर धरतात, "पावणं, जरा लांब चला" म्हणतात आणि चालायला लागतात. किती लांब जायचं ते वाऱ्यावर. वारा इंजिनाकडून आपल्याकडे येत असेल तर बांधापर्यंत. आपल्याकडून इंजिनाकडे जात असेल तर बांध ओलांडून शेजारच्याच्या उसात. तिथं पोचल्यावर टोपी काढून घाम पुसायचा, आवाज खाली आणायचा आणि सांगायचं, "पिस्टन गेलंय."

पिंपळवंडीला एका विहिरीवर मी हे पहिल्यांदा पाहिलं. मी गेलो होतो बटाट्याच्या सौद्याला. शेतमालकाचं पाण्याचं इंजिन काळा धूर ओकत होतं आणि भोवती बघे जमले होते. गेनभाऊंनी मालकाला लांब नेलं. मागोमाग मालकाचा भाऊ गेला, मग उरलेले सगळेच निघाले. भर उन्हात माना खाली घालून ती रांग बांधावरून चाललेली. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं सायकल थांबवून मला विचारलं, "कोण गेलं वो?"

परत आल्यावर गेनभाऊंनी इंजिनाच्या टाकीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई राबलाय गडी. जरा इसावा दिऊ त्याला."

मी पोट धरून हसलो. हाच माणूस पुढं माझ्या सौद्याचं मातेरं करणार आहे हे कळलं असतं तर तिथूनच पळालो असतो.

मी अवसरी बुद्रुकचा. मंचरच्या बाजारात आधी पाठीवर पोती वाहिली, मग दुसऱ्याच्या काट्यावर उभा राहिलो, मग स्वतःचा बटाट्याचा धंदा उभा केला. हे सगळं एका विद्येवर केलं. ती म्हणजे मालाला नावं ठेवणं. समोर सोन्यासारखा माल असला तरी तोंड वाकडं करायचं. एक बटाटा उचलायचा, नखानं खरवडायचा आणि परत टाकून द्यायचा, हात झटकत. माल जितका चांगला तितकी नावं जास्त. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. मी नावं ठेवली नाहीत तर त्यालाच धसका बसेल. माझं डोकं लवकर तापतं, तेही सौद्यात कामाला येतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला माझ्या डोक्यात लाँच शिरली. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यापलीकडे वाड्या आहेत. तिथल्या माणसाला बाजाराला यायचं तर डोंगराला वळसा, नाहीतर वल्ह्याची होडी. मी ठरवलं, आपण माणसं आणि माल नेणारी लाँच चालवायची. परवानगीचे हेलपाटे घातले, आजवर साठवलेलं सगळं त्यात घालायची तयारी केली. बाजारात लोक तोंडावर म्हणायचे, "बटाटा निघाला दर्यावर!" मला पोहता येत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं तर आत बायाबापड्या, पोरं, पोती असणार. इंजिन निवडताना चुकलो असतो तर माझा पैसा आणि माझं नाव दोन्ही बुडालं असतं. आणि मीही.

नवी लाँच परवडणारी नव्हती. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका धरणावर रंगनाथ नावाच्या माणसाची जुनी लाँच विकाऊ होती. लाँच एक आणि डिझेल इंजिनं दोन. पाहिजे ते बसवून देतो म्हणाला. इंजिनातलं मला काही कळत नाही. म्हणून गेनभाऊंच्या गावी, डिंगोऱ्याला, निरोप धाडून त्यांना सोबत घेतलं.

एसटीत त्यांना बजावलं, "तिथं तोंड उघडायचं न्हाई. इंजिन चांगलं वाटलं तर कान खाजवा. वाईट वाटलं तर नाक. बाकीचं मी बघतो."

"बरं," गेनभाऊ म्हणाले.

पहिलं इंजिन टेंपोचं काढलेलं होतं. चार सिलिंडरचं, ताजा हिरवा रंग दिलेलं. रंगनाथनं बटण दाबलं आणि ते लगेच सुरू झालं. आवाज असा गोड की मला पाण्यावर धावणारी लाँचच दिसायला लागली. दुसरं सिंगल सिलिंडरचं, आपल्या विहिरीवर असतं तसलं. काळं, तेलकट, शेजारी भलं मोठं चाक आणि सुरू करायला हँडल. रंगनाथनं हँडल मारलं तसं ते खोकलं आणि म्हाताऱ्यानं पायऱ्या चढाव्यात तसं धप्प, धप्प करायला लागलं.

मी गेनभाऊंकडे पाहिलं. कानाला हात नाही, नाकाला हात नाही. ते त्या काळ्या इंजिनावर पंजा ठेवून उभे होते, नातवंड बघायला आल्यासारखे.

"वा! वा रं वाघा!" ते ओरडले. "पावणं, असलं इंजन आख्ख्या जुन्नर तालुक्यात न्हाई! डोळं झाकून घ्या!"

रंगनाथच्या चेहऱ्यावर भाव चढताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी सावरायला गेलो, "कसलं राव, हे तर भंग..." तेवढ्यात तेलानं माखलेला एक हात माझ्या तोंडावर आला.

"त्याच्यासमोर न्हाई! जरा लांब चला."

काठाकाठानं बरंच अंतर तोडल्यावर मी फुटलो. "कान खाजवायचं ठरलं व्हतं ना?"

"ते तुमच्यासाठी ठीक हाय, पावणं. पन कान खाजवल्यालं त्याला कसं कळणार?"

मी म्हटलं, "बरं, त्या हिरव्याचं सांगा."

त्यांनी ओठ मिटले, हवेत बोट धरून वारा पाहिला आणि मला आणखी पुढं नेलं. "आपण यायच्या आधी ते चालवून ठिवलं व्हतं. हात लावला का तुमी?"

लावला होता. सुरू करायच्या आधीच गरम लागलं होतं. पोत्याच्या तोंडाशी निवडक बटाटे लावतात त्यातलाच हा प्रकार, हे मलाही कळलं होतं, पण तो गोड आवाज कानात बसला होता.

"झाकण काढून बगितलं," गेनभाऊ कुजबुजले. "आतलं ऑइल ताकावानी पांढरं. पोटात पाणी शिरतंय बिचाऱ्याच्या. आन मधल्या पाण्यात बॅटरी बसली म्हंजे नुसतं बटण दाबत बसायचं का? ह्या काळ्याला हँडल मारलं की झालं. सामान मंचरला मिळतंय, नारायणगावला मिळतंय."

"पण ते किती हळू चालतंय! दिवसाच्या फेऱ्या कमी व्हतील."

"पोचल्या तेवढ्याच फेऱ्या मोजायच्या, पावणं."

दुसऱ्याचा हिशेब बरोबर निघाला की माझं डोकं जास्तच तापतं. परत येताना मी विचारलं, "निदान लाँचीच्या पत्र्याला तरी बोलू का?"

"पत्र्याला काय बी बोला. त्याला कुठं कान हायेत?"

मग मी पत्र्यावर सगळा राग काढला. गंज खरवडला, पोचे दाखवले, बाकडी हलवून पाहिली, छताला नावं ठेवली, शेवटी नांगराच्या दोरीलाही सोडलं नाही. रंगनाथचं तोंड उतरलं, लाँचीचा भावही उतरला. काळ्या इंजिनाचा मात्र एक रुपया कमी झाला नाही. "तुमच्याच माणसानं सांगितलं की, तालुक्यात असलं न्हाई," एवढंच तो म्हणत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या तोंडाला आला तो भाव देऊन वस्तू घेतली. ही सल अजून आहे. बाजारातल्या कोणाला मी हे सांगितलेलं नाही.

लाँच डिंभ्याला आली. इंजिन पक्कं बसवायला येतो म्हणाले होते गेनभाऊ, ते आलेच नाहीत. निरोप पाठवला, उत्तर नाही. पहिल्या फेरीला बाजाराचा दिवस ठरलेला, पलीकडच्या वाड्यांना सांगून झालेलं. शेवटी मी तडक डिंगोऱ्याला निघालो. वाटेभर एसटीत बसून शिव्यांची जुळवाजुळव केली. त्यात इंजिनाच्या भावाचाही हिशेब होता.

गेनभाऊंच्या ओट्यावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केसांना तेल, नीट पाडलेला भांग. पुढ्यात रॉकेलची थाळी घेऊन नट धूत होता. मी विचारलं, "गेनभाऊ हायेत का?" तो हसला. पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. माझा पारा चढला. तेवढ्यात आतून गेनभाऊ आले.

"गेनभाऊ, दारात हा कोण बसवलाय? दोनदा इचारलं, ह्याला..."

माझ्या कोपराला हात लागला. पण गेनभाऊ आधी त्या माणसाकडे वळले आणि काळ्या इंजिनासमोर लावला होता तोच आवाज लावून म्हणाले, "वा नाना! सगळं नट चकाचक केलं की रं! आख्ख्या डिंगोऱ्यात असं कुणाला जमत न्हाई!"

त्या माणसाचा चेहरा उजळला. मग गेनभाऊ मला म्हणाले, "पावणं, जरा लांब चला."

कांद्याची चाळ मागं टाकून आम्ही विहिरीपाशी आलो. त्यांनी वारा पाहिला आणि विहिरीला वळसा घालून पलीकडे नेलं.

"धाकटा भाऊ माजा. ल्हानपणी ताप आला, त्यात वाचा गेली. बोलत न्हाई म्हणून लोकान्ला वाटतं ऐकूबी येत न्हाई. त्याला सगळं ऐकू येतं, पावणं. कुणी काय बोललं की मग जेवत न्हाई." मग म्हणाले, "ह्या आठवड्यात आजारी व्हता. म्हणून आलो न्हाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमी लगीन न्हाई केलं?"

"दोन ठिकाणी जमत आलं व्हतं. दोन्ही येळंला पावणं त्या ओट्यावर बसून त्याच्यासमोरच बोलाया लागलं, की ह्याचं पुढं काय करणार तुमी." ते विहिरीत पाहत होते. "मी म्हनलं त्यान्ला, जरा लांब चला. कुणी उठलं न्हाई."

एसटीत जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. "ह्याला" नंतर मी काय म्हणणार होतो ते मला ठाऊक आहे. तो शब्द बाहेर पडला नाही, याचं मला आजही हायसं वाटतं.

"नानालाबी आणा लाँचीवर," मी म्हणालो.

बाजाराच्या आदल्या दिवशी दोघं आले आणि त्यांनी इंजिन बसवलं. दुसऱ्या दिवशी बाजार उरकून घरी परतणाऱ्यांची काठावर ही गर्दी. गाठोडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, आणि बटाटा बुडताना बघायला मंचरहून मुद्दाम आलेली मंडळी. नाना हातात फडकं घेऊन इंजिनाशेजारी बसला. गेनभाऊंनी हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. नुसता धूर. काठावर कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा मारलं आणि धप्प, धप्प, धप्प.

पाण्याच्या मध्यावर आलो. मी छताचा गज दोन्ही हातांनी धरून उभा. इंजिन आपल्या चालीनं चाललेलं. इतक्यात पांढऱ्या कपड्यातला एक पुढारी मोठ्यानं म्हणाला, "ह्या येड्याला कशाला बसवलंय इंजनापाशी? त्याला काय कळतंय!"

नानाच्या हातातलं फडकं थांबलं. गेनभाऊ उठले. त्या माणसाचं कोपर धरायला त्यांचा हात पुढं झाला आणि तसाच राहिला. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे पाणी. लांब जायला जागाच नव्हती. गेनभाऊंचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

माझं डोकं तापलं. "उतरा," मी म्हणालो.

"आं?"

"लाँच माझी हाय. उतरा हितंच."

"शेठ, अवो पाणी हाय खाली!"

"मग बसायचं असंल तर नानाला रामराम घाला. इंजन त्याच्या ताब्यात हाय. त्याच्या मनात आलं तरच पोचाल."

सगळी लाँच हसली. पुढाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "रामराम, नाना." नानानं आधी फडक्याला हात पुसले, मग अगदी रीतीनं परत रामराम घातला. इंजिनाचा एक ठोका चुकला नाही.

पलीकडच्या काठाला टेकलो. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या. पाय जमिनीला लागल्यावर वाटलं, खाली बसावं आणि थोडं हसावं. तेवढ्यात कोपराला हात आला.

"पावणं, जरा लांब चला."

म्हणजे खोट निघाली. पिस्टन, नाहीतर ऑइल, नाहीतर आणखी काही. गेनभाऊ पुढं, मी मागं. चढण चढून एका करवंदीच्या जाळीपाशी ते थांबले, टोपी काढली, घाम पुसला.

"इंजन लई म्हाग पडलं आपल्याला," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तवा गप बसाया पायजे व्हतं. माजं चुकलं."

या वाक्याची मी किती दिवस वाट पाहत होतो. त्यावर द्यायची उत्तरं तयार होती, एकाहून एक. मी मागं वळून पाहिलं. खाली काठाला लाँच, त्यात इंजिन धप्प धप्प करतंय, आणि नाना त्याच्या टाकीवर हात ठेवून आमच्याकडे बघत बसलाय. माझ्या पाठीला वारा लागत होता.

"हळू बोला, गेनभाऊ," मी म्हणालो. "वारं तिकडंच चाललंय."