पी.टी.चा तास परत मिळाला त्याची हकीकत

विद्यालयाच्या घंटेस प्रथम नमस्कार, आणि ती वेळेवर वाजविणारांस त्याहून अधिक. पुढे वाचणारांस विनंती ऐसी की, माजी विद्यार्थी मंडळाच्या कारभाऱ्यांनी आम्हांस हुकूम केला की सत्कार समारंभाचा वृत्तान्त अर्ध्या पानात लिहोन द्यावा आणि फोटोंस जागा राखावी. आम्ही हुकूम शिरसावंद्य मानोन लेखणी उचलली, परंतु मैदानी जे घडले ते अर्ध्या पानात मावेना. सबब जे पाहिले, जे ऐकिले, आणि जे कोणी सांगितले नाही परंतु तैसेच घडले असले पाहिजे, ते सर्व येथे लिहिले आहे. फोटोंस जागा उरली नाही, त्यास आमचा इलाज नाही.

तर प्रथम दोन्ही खाशांची ओळख. एक गणिताच्या बाई, यांस सारी रयत कर्कटकबाई म्हणे. वर्गात शिरताच बाई कंपासपेटी टेबलावर आपटीत आणि त्या आवाजासरशी बाकांवरील फौज गर्भगळीत होई. परंतु बाईंची दुसरी कीर्ती याहून मोठी. गणितात आपटलेली जी पोरे कोणी शिकवणीवाला दारात उभी करीना, त्यांस बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात बसविले आणि एक डोळा दुधावर, एक डोळा वहीवर ठेवोन, फी न घेता पार केले. त्यांतील कित्येक आज इमारती बांधितात, आणि त्या इमारती उभ्या आहेत.

दुसरे पी.टी.चे सर, बिरुद सावधान सर. हे निवृत्तीनंतरही भल्या पहाटे मैदानाचे फाटक स्वहस्ते उघडीत आणि येईल त्या पोरास धावावयास, पोहावयास आणि पडल्यावर न रडता उठावयास शिकवीत. गावी रुग्णवाहिकांवर आणि बंबावर जे जवान तैनात आहेत ते बहुतेक यांच्याच हाताखालचे. पूर आला किंवा आग लागली की लोक आधी सरांस हाक मारीत आणि मग बंबास फोन करीत. ऐसी ही दोन रत्ने एकाच शिक्षकखोलीत वाढली, आणि पुढे त्यांत जे वैर पडले त्याचे मूळ म्हणजे शुक्रवारचा शेवटचा तास.

तो तास पी.टी.चा. पोरांच्या दृष्टीने साऱ्या आठवड्यात तेवढाच मुलूख सुपीक, बाकी खडकाळ. शुक्रवारी पोरे बुटांच्या नाड्या आवळोन दाराशी सज्ज होत, तो बाई कंपासपेटीसह दारात उभ्या ठाकत, आणि फर्मान सुटे की पोर्शन राहिला आहे, सबब आजचा पी.टी.चा तास गणितात जमा. आरंभी बाईंनी तास परीक्षेपुरता मागोन घेतला, मग चाचणीपुरता मागोन घेतला, आणि मग मागणेही बंद जाहले. ऐसे करिता करिता तो सारा मुलूख बाईंच्या अमलाखाली गेला, आणि सर मैदानात चेंडू काखेत घेवोन, रिकाम्या फाटकाकडे पाहत उभे राहू लागले.

एके शुक्रवारी सर धीर करोन वर्गाच्या दारी आले आणि आपला तास मागितला. तेव्हा बाई खडू न ठेविता, भर वर्गासमोर बोलल्या, "अहो सर, धावायचंच तर आहे. उद्या धावतील. हा काय विषय आहे?"

वर्ग खो खो हसला. सरही हसले, आणि माघारी गेले. त्या दिवसापासोन सरांनी त्या दाराशी पाऊल ठेविले नाही आणि बाईंशी शब्द बोलिला नाही. पुढे दोघेही निवृत्त जाहले, केस पांढरे जाहले, बाईंच्या हाती काठी आली, परंतु तो अबोला तैसाच तरणाताठा राहिला.

मग मंडळाची सदर भरली. गादीवर मंडळाध्यक्ष दंतवैद्य, ज्यांच्या पुढे भलेभले तोंड उघडितात. शेजारी चिटणीस, नटबोल्टचे दुकानदार. बहुत खल होवोन ठराव जाहला की बाई आणि सर यांस एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर जीवनगौरव अर्पण करावा. सन्मानचिन्हे घडविली, सभागृह ठरविले, पत्रिका वाटिल्या. हे सर्व उरकल्यावर चिटणीसांस सुचले की ज्यांचा सत्कार करावयाचा त्यांसही एकदा विचारावे.

दंतवैद्य स्वतः वकील होवोन सरांच्या घरी गेले. सर ओसरीत बसोन चेंडूत हवा भरीत होते. वकिलांनी मंडळाचा मनसुबा विस्ताराने निवेदन केला, आणि व्यासपीठावर शेजारच्या खुर्चीत कोण बसणार हे ओघात सांगोन टाकिले. पंप थांबला.

"गौरव ठेवा तुमच्याकडे," सर म्हणाले. "माझा तास आणा."

"कुठला तास, सर?"

"शुक्रवारचा."

सरांच्या पत्नी, साऱ्यांच्या काकू, चहा घेवोन आल्या आणि कपाळास हात लावोन म्हणाल्या, "मी घरात हेच ऐकतेय, बाबा. शुक्रवार आला की हा माणूस संध्याकाळी घुम्यासारखा बसतो. विचारलं तर म्हणतो, आज तास होता."

दंतवैद्यांनी चहा बाजूस सारोन कागद काढिला. सरांनी अटी फर्माविल्या त्या येणेप्रमाणे. तास पुरता, घंटेपासोन घंटेपर्यंत. तास मैदानावर, आणि त्यात सारे माजी विद्यार्थी, पोटासह. मध्ये कोणी येवोन तास मागितला तर तह मोडला समजावे.

तोच वकील तेथोन बाईंकडे रवाना जाहला. बाई स्वयंपाकघरात, ओट्यावर दूध ठेविलेले, समोर बाकावर नापासांची ताजी फौज. दंतवैद्यांनी मान खाली घालोन मागणी सांगितली, आणि बाई कडाडल्या, "घेतले ते तास मी घरी नाही नेले. तुमच्याच डोक्यात घातले. दिसत नाहीत, हा माझा दोष का?"

 मग बाईंनी हळूच विचारिले, "अजून मनात धरून बसलेत?"

"हो बाई. काकू म्हणाल्या, शुक्रवारी बोलत नाहीत."

 दूध उतू गेले. ज्या घरात उभ्या हयातीत दूध उतू गेले नव्हते तेथे ते शेगडीभर सांडले, आणि बाई पाहत राहिल्या. मग शेगडी पुसोन त्यांनी तह कबूल केला, परंतु एक कलम आपले घातले: तास घंटेला संपावा, कारण पुढे बाईंचे भाषण. सभागृह संध्याकाळी दुसऱ्यांस द्यावयाचे होते, सबब पी.टी. लांबली तर भाषण बुडणार. आणि ते भाषण बाईंनी कित्येक महिने खपोन लिहिले होते. आयुष्यभर फळ्याकडे तोंड करोन बोललो, एकदा तरी माणसांकडे तोंड करोन बोलावे, ही बाईंची फार दिवसांची इच्छा.

मुकर्रर दिवस उजाडला. फौज मैदानी उतरली, ती पाहोन शत्रूस दया यावी. कोणी टाय काढिला, कोणी बेल्ट सैल केला, कोणी गुडघ्यास पट्टा बांधिला. सरांनी हुकूम केला की उंचीप्रमाणे रांग करावी, आणि तेथेच दंगल उसळली. जे शाळेत शेवटी उभे राहत त्यांस पुढील पोरे वाढोन ओलांडोन गेली होती, परंतु जुनी जागा सोडावयास कोणी राजी होईना. औषधांचे एक दुकानवाले तर प्रसाधनगृहात दडले होते. त्यांस धरोन आणिले तेव्हा त्यांनी खिशातून चिठ्ठी काढिली, पूर्वी आईची आणीत ती या खेपेस बायकोची होती, की पोटात दुखते, आज माफी असावी. सरांनी चिठ्ठी गंभीरपणे वाचिली आणि खिशात घातली.

"पोट दुखतंय? मग पोट घेऊन धाव."

शिट्टी जाहली आणि फौज निघाली. पहिल्या वळणावर चिटणीसांचा बूट गेला, दुसऱ्या वळणावर दंतवैद्यांची विजार उसवली, तिसऱ्या वळणावर ठेकेदार, जे बाईंच्या स्वयंपाकघरातून पार पडले होते, ते जमिनीवर बसोन म्हणाले की मला येथेच पुरा, परंतु पाया खोल घ्या. सरांनी त्यांस हात दिला नाही. जवळ जावोन उभे राहिले, ठेकेदार आपले आपण उठले, आणि तेव्हा सरांनी पाठीवर थाप दिली. मग हळूहळू काय जाहले ते लिहिणे कठीण. धापा टाकणारी ती पन्नाशी-साठीची माणसे एकमेकांस टोपणनावांनी हाका मारू लागली, चेंडूवर भांडू लागली, चिडचिड करू लागली. चिटणीस एका पायात बूट घालोन गोल मारिते जाहले आणि हर्षाने रडले. आम्हीही धावलो. आमचे कसे जाहले ते विचारू नये.

बाई व्हरांड्यात खुर्चीवर, मांडीवर भाषणाचे कागद. सरांचे लक्ष खेळात अर्धे आणि व्हरांड्याकडे अर्धे. इतक्या वर्षांची सवय, हाती आलेला तास कोणी नेईल ही भीती सरांच्या जिवातून जाईना.

तो घंटा वाजली. सारी फौज जागच्या जागी थांबली. बाई उठल्या, काठी टेकीत पायऱ्या उतरल्या आणि मैदानाकडे निघाल्या.

"बाई आल्या रे," कोणी कुजबुजले, आणि साऱ्या मैदानाचे तोंड शाळेतल्यासारखे पडले. सरांनी चेंडू उचलोन काखेत घेतला. त्यांचा चेहरा पाहवेना.

"घ्या बाई," सर म्हणाले. त्या अबोल्यानंतरचा हा पहिला शब्द. "घंटा झाली. तास तुमचाच आहे."

बाईंनी भाषणाचे कागद दुमडले आणि पर्समध्ये घातले. सर्वांत ठेंगण्या, सबब रांगेच्या तोंडाशी जावोन उभ्या राहिल्या.

"पोर्शन संपलाय, सर," त्या म्हणाल्या. "माझाही तास घ्या."

 सरांनी काखेतला चेंडू खाली ठेविला. मग ते म्हणाले, "आणि तुमचं भाषण?"

"काय बोलायचं होतं ते हेच. तेव्हा वर्गासमोर बोलले होते, म्हणून वर्गासमोरच आले. चुकलं होतं माझं. विषय होता तो."

सरांनी शिट्टी तोंडास लाविली, तो तीतून नुसती फुसकी हवा निघाली. पुन्हा लाविली, पुन्हा तेच. शेवटी शिट्टी सोडोन त्यांनी "सावधान" ऐसा पुकारा केला, तो आवाज ऐसा चिरकला की एरवी त्यावर वर्ग आठवडाभर हसला असता. कोणी हसले नाही. सारी रांग, बाईंसकट, सावधान जाहली.

मग बाईंनी मैदानास काठीसह फेरी घातली. सर त्यांच्या जोडीने चालले, आणि फौज मागोन, पुढे जावयाची कोणाची छाती जाहली नाही. फेरीस बहुत वेळ लागला. सभागृहवाल्यांचा जासूद येवोन सांगू लागला की मुदत संपली, सभागृह सोडा, त्यास चिटणीसांनी एका बुटानिशी सामोरे जावोन कळविले की सोडले. दोन्ही सन्मानचिन्हे मैदानातच घामेजल्या हातांनी अर्पण जाहली, आणि ती घेताना कोणास भाषणाची आठवण राहिली नाही.

येणेप्रमाणे पी.टी.चा तास, घंटेपासोन घंटेपर्यंत आणि घंटेपुढेही, त्याच्या खऱ्या धन्याच्या ताब्यात आला. गुडघे कामी आले ते तीन, विजार एक, बूट एक, तोही अद्याप सापडला नाही. अबोला समूळ नष्ट जाहला. सर संध्याकाळी घरी पोहोचले, आणि आत न शिरता, दारातूनच काकूंस वर्दी दिली की आज तास झाला. फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.