अण्णांचे तीन तारे

आमच्याकडे नवीन मिक्सर आला त्या दिवशी समोरचे निवृत्तीअण्णा खोकं उघडायच्या आधीच दारात हजर झाले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सुरतेच्या त्या बाईला इचारलं का?"

सुरतेत आमचं कोणीच नाही. अण्णांचंही नाही. पण त्या बाईच्या मिक्सरचं झाकण चटणी वाटताना उडालं होतं आणि तिनं ते ऑनलाइन लिहिलं होतं, एवढ्यावर ती अण्णांची जवळची झाली होती. देशभर अण्णांची अशी माणसं आहेत. लुधियान्याच्या एका गृहस्थांच्या इस्त्रीनं शर्ट जाळला, तेव्हा अण्णा दोन दिवस हळहळत होते. "लय भला मानूस हाय तो. फोटोसकट लिहिलंय बिचाऱ्यानं."

पाच तारे देणाऱ्यांवर मात्र अण्णांचा काडीचा विश्वास नाही. त्यांचा सगळा जन्म लासलगावच्या कांदा बाजारात एका व्यापाऱ्याकडे गेला. लिलावाला ट्रॅक्टर आला की वरच्या लालबुंद कांद्याकडे न बघता ते कोपरापर्यंत हात ढिगात घालत आणि खालचा माल वर काढत. मोबाइलवरही तीच पद्धत. आधी एक तारा देणारे, मग दोन तारे देणारे. वरचं कौतुक वाचायला त्यांना वेळ नसतो.

नाशिकला पाथर्डी फाट्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यामुळे साधी चाळणी घ्यायची तरी परीक्षणं वाचण्यात संध्याकाळ मजेत जाते.

तर अशा माणसासमोर माझ्या बायकोनं, वैशालीनं, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचा धंदा काढला. शिकवण्या बंद केल्या, पेठ तालुक्यातून नागली आणली, मदतीला दोन बायका ठेवल्या आणि एका ऑनलाइन बाजारात पापड टाकले. दिवाळीपर्यंत जम बसला तर बसला, नाहीतर पुन्हा शिकवण्या, असं आमचं ठरलं होतं. तिचा सगळा जीव त्या पापडांत होता.

गिऱ्हाईक येईना, तेव्हा तिच्या चांदवडच्या माहेरानं कंबर कसली. आत्या, मावश्या, चुलते, सगळ्यांनी एकेक पाकीट मागवलं आणि पाच-पाच तारे ठोकले. "चि. वैशालीस अनेक आशीर्वाद." "घराण्याचं नाव काढलंस!" एका मामांनी तर पाकीट उघडायच्या आधीच लिहिलं, "अतिशय रुचकर. जावईबापूंना नमस्कार." हा नमस्कार मी वाचला आणि मला धडकीच भरली. उरलीसुरली मागणीही थांबली.

अण्णांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "अगं, ह्ये दुकान हाय का लगीनघर? कोन इस्वास ठेवल?"

"मग तुम्ही लिहा ना, अण्णा," वैशाली म्हणाली. "पाच तारे द्या."

"आधी माल मागवतो."

घरातून पाकीट देऊ केलं तर घेईनात. रीतसर ऑर्डर दिली. आमच्या स्वयंपाकघरातून निघालेलं पाकीट कुरिअरनं सगळं नाशिक फिरून समोरच्याच दारात आलं. अण्णांनी पापड तळले, खाल्ले आणि गॅलरीत बसून मोबाइलला परीक्षण सांगायला लागले. मोबाइलशी बोलतानाही त्यांचा आवाज लिलावाचाच असतो. सगळी बिल्डिंग ऐकत होती.

"पापड खुसखुशीत. जिरं सढळ हातानं घातलंय. मीठ मात्र जास्त. काही तुटून आले, तुकडे तळले, तेबी चांगले लागले. तेल चांगलं तापू द्यावं. तीन तारे."

वैशाली ढसाढसा रडली. "रोजचा चहा आपल्याकडे घेतात आणि तीन तारे?" तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. अण्णा दाराशी येऊन घुटमळत आणि मलाच हवापाणी विचारून परत जात. मलाही त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आणि मग ऑर्डरी यायला लागल्या. आधी तुरळक, मग रोज. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, "मीठ जास्त आहे असं सांगणारा माणूस खुसखुशीतही खरंच म्हणत असणार, म्हणून मागवले." अण्णा तिथं प्रत्येकाच्या शंकेला उत्तर देत होते, तेल किती तापवायचं तेसुद्धा. दिवाळीच्या आठवड्यात बायका पापड लाटून थकल्या.

वैशालीनं मीठ कमी केलं, खोकी जाड घेतली आणि ताज्या पापडांचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेली. मागोमाग मी. अण्णांनी लगबगीनं कढई चढवली, पापड तळला, कुडुमकन मोडला.

"आता मीठ बरोबर हाय."

"मग आता तरी पाच द्या."

"नाय पोरी. पाच दिले तर लोकांना वाटल, ही याची कुनीतरी लागती."

"मग लागत नाही का मी?"

 अण्णांनी गॅस बारीक केला, उगाच झारा पुसला, मग तोच हात डोळ्यांवरून फिरवला.

"लागती ना," ते हळूच म्हणाले. "तूच तर लागती. पन ते त्या लोकांना कशापायी सांगू?"