जॅझशिवाय जेवण

आमचे शेजारी दामले यांच्याकडे जॅझ कुठून आला हे सांगितल्याशिवाय चहा मिळत नसे. जर्मनीतल्या येना शहरात ते भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. हीटिंग दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी जिन्यात गाठलं, "आल्झो, म्हणजे तर, मुळापासून सांगतो," म्हणत जॅझच्या जन्मगावी, न्यू ऑर्लिन्सला फिरवून आणलं. हीटिंग तसंच गार राहिलं.

दामलेवहिनी वारल्यावर हे वेड फारच वाढलं. लेकीच्या, इराच्या, पदवीच्या जेवणात त्यांनी तिच्या प्राध्यापकांना गोड येईपर्यंत व्याख्यान दिलं. इरा ड्युसेलडॉर्फला परतली, ती त्यांचा फोनच उचलेनाशी झाली.

आणि एका रविवारी ती जेवायला यायला तयार झाली. बरोबर तिचा मित्र येन्स. अट एकच: जॅझचं नाव काढायचं नाही.

"अवाक्षर काढणार नाही," दामले मला म्हणाले. "पण तुम्ही दोघं नवराबायकोही या. मी सुरू झालो तर पायावर पाय द्या."

जेवताना सगळेच जपून बोलत होते. माझ्या बायकोने हवेचा विषय काढला, येन्सने ट्रेनच्या उशिराचा. इतक्यात चर्चची घंटा झाली आणि चर्चवरून जॅझ आठवून दामल्यांचं तोंड उघडलं. मी पाय दिला. त्यांनी उघड्या तोंडात पोळीचा घास कोंबला. इरा त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

मग बिचारा येन्स, निव्वळ चांगुलपणाने, म्हणाला, "तुम्हाला जॅझ आवडतो ना? शिकागोच्या क्लबांत जन्मला तो, गेनाऊ? बरोबर ना?"

कुणी घास चावेना. दामल्यांच्या कपाळावरची शीर उडू लागली.

"आमटी... संपत आली वाटतं," ते बारीक आवाजात म्हणाले, आणि अर्धं भरलेलं भांडं घेऊन आत गेले.

"नाइन, येन्स, नाही," इरा म्हणाली. आणि जर्मनमधून सांगतच सुटली. शेतात राबणाऱ्या गुलामांची गाणी, एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. रविवारी मैदानात घुमणारे आफ्रिकेचे ढोल. चर्चची भजनं, ब्लूज, मिरवणुकीतली पितळी वाद्यं. टेबलावर बोटांनी ताल धरून.

मी आत गेलो. दामले नळ सोडून उभे होते. नळाखाली काहीच नव्हतं.

"घरात आम्ही दोघंच उरलो ना," ते म्हणाले, "तेव्हा पोरीशी काय बोलायचं तेच कळायचं नाही हो. मला एवढंच येत होतं."

त्यांनी नळ बंद केला, बाहीने डोळे टिपले.

"तिला भातावर तूप चालतं का अजून? जरा विचाराल?"